बिल दोन्हीकडं शून्य, मग सौरपंप कुणी घ्यायचा?

बेळगावहून वेंगुर्ला रोडनं निघालं की उचगाव फाटा, बाची आणि मग शिनोळी. बाचीपर्यंत कर्नाटक, शिनोळीपासून महाराष्ट्र. माती तीच, पिकं तीच. रताळी, बटाटा, भात, मिरची, जिथं पाणी पुरतं तिथं ऊस. फरक दिसतो तो बांधावर. गेल्या दोन वर्षांत चंदगडच्या बाजूला विहिरीशेजारी निळ्या प्लेटा उभ्या राहिल्यात. अलीकडच्या बाजूला अजून बहुतेक खांब, तारा आणि टीसीच दिसतात.

माझा मावसभाऊ पलीकडं शेती करतो, मेव्हणा अलीकडं. मावसभावानं पाच एचपीचा सौरपंप बसवून घेतला. मेव्हण्याच्या नव्या विहिरीपासून टीसी बराच लांब आहे, त्यामुळं त्यालाही आता सौरपंपच घे असं सांगितलं गेलंय. तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "तू बीकॉम झालास न्हवं, मग हिशेब करून सांग." त्याच्यासाठी केलेला हिशेब इथं देतोय, कारण हाच प्रश्न निपाणीपासून खानापूरपर्यंत बऱ्याच घरांत चाललेला आहे.

आधी बिलाचं बघू. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज फुकट आहे, त्याचे पैसे राज्य सरकार हेस्कॉमसारख्या कंपन्यांना अनुदान म्हणून देतं. महाराष्ट्रात एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकार भरतंय, ही योजना मार्च २०२९ पर्यंत जाहीर झालेली आहे. म्हणजे ज्याच्याकडं कनेक्शन आहे, त्याला सीमेच्या कुठल्याही बाजूला सौरपंपानं एक रुपयाही वाचत नाही. वाचतात ते सरकारचे पैसे. शेतकऱ्याला मिळू शकतं ते दिवसाचं पाणी. आणि ज्याच्याकडं कनेक्शनच नाही, त्याचं डिझेल वाचतं. सौरपंपाचा विचार इथून सुरू करायचा. "लाईट बिलातून कायमची मुक्ती" असल्या जाहिराती बाजूला ठेवायच्या.

डिझेलचा हिशेब सोपा आहे. पाच एचपीचं इंजिन तासाला साधारण एक लिटर पितं. दिवसाला सहा तास आणि हंगामात शंभर दिवस धरले तर ६०० लिटर. नव्वद रुपयांच्या भावानं ५४ हजार रुपये होतात, ऑईल आणि दुरुस्ती वेगळीच. असा शेतकरी स्वतःचा हिस्सा एक-दोन हंगामात वसूल करतो. त्याला मी डोळे झाकून सांगेन, घे.

दोन राज्यं, दोन हिस्से

केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ ची. तिचे तीन भाग आहेत. पहिल्यात पडीक जमिनीवर ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचे छोटे प्रकल्प, दुसऱ्यात शेतातले स्वतंत्र सौरपंप आणि तिसऱ्यात सध्याच्या विजेच्या पंपांना सौरऊर्जा. आपण बोलतोय ते दुसऱ्या भागाबद्दल. त्यात केंद्र ३० टक्के देतं आणि तेही साडेसात एचपीपर्यंतच्याच हिशेबानं. राज्यानं किमान ३० टक्के घालावेत, उरलेले शेतकऱ्याचे, अशी मूळ रचना होती. पुढं राज्यांनी आपापला हिस्सा वाढवला.

महाराष्ट्रात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के भरावे लागतात. पंप किती मोठा मिळणार हे जमिनीवर ठरतं. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी, त्यापुढं साडेसात. विहीर, बोअर, नदी, ओढा असा पाण्याचा खात्रीचा स्रोत पाहिजे, आणि आधीचं वीज कनेक्शन नसलं पाहिजे. अर्ज महावितरणकडं करायचा.

कर्नाटकात केंद्राचे ३०, राज्याचे ५० आणि शेतकऱ्याचे २० टक्के. काम क्रेडल ही राज्याची संस्था बघते, अर्ज 'सौरमित्र' पोर्टलवर. इथला कळीचा नियम ५०० मीटरचा आहे. वीजवाहिनीपासून इतक्या लांब असलेल्या नव्या आयपी सेटला सरकारी खर्चानं लाईन ओढण्याऐवजी सौरपंप द्यायचा, असं राज्यानं ठरवलंय. मेव्हणा अडकला तो इथंच.

पाच एचपीच्या संचाची किंमत तीन लाख धरली तर बाचीच्या शेतकऱ्याचे ६० हजार आणि शिनोळीच्या शेतकऱ्याचे ३०. मधे अंतर एका ओढ्याचं. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढी किंमत थोडी उतरली. पण योजना जमिनीला लागते, माणसाच्या भाषेला नाही. घर कुठं का असेना, उतारा ज्या राज्यातला त्या राज्याची योजना. कुसुमची मुदतही आधी २०२२, मग मार्च २०२६ अशी सरकत आलेली आहे, म्हणून पैसे भरायच्या दिवशी लागू असलेला हिस्सा लेखी बघूनच भरा. आमच्या बाजूला कागद कन्नडमध्ये येतात, हे वेगळं सांगायला नको. सही करण्याआधी वाचून घेणारा माणूस सोबत न्या. संच दुसरीकडं हलवता येणार नाही, पाच वर्षं देखभाल कुणाची, असल्या अटी त्यातच असतात.

पाणी किती पडणार

आता खरा मुद्दा. सौरपंप घेतलेल्यांची सगळ्यात मोठी तक्रार "पाणी कमी पडतं" ही असते, आणि बहुतेक वेळा पंपात खोट नसते, अंदाजात असते.

पाच एचपीच्या संचाला साधारण ४,८०० वॅटच्या प्लेटा असतात. हे ४,८०० वॅट दिवसभर मिळत नाहीत. सकाळी आठला थोडे, बारा-एकला भरपूर, चारनंतर पुन्हा उतरतात. आपल्या भागात उन्हाळ्याच्या दिवसाचं सगळं ऊन एकत्र केलं तर साडेपाच तासांच्या भर उन्हाइतकं भरतं. त्यातून उष्णता, धूळ, वायर यांची घट वजा केली की दिवसाला वीसेक युनिट हाताशी राहतात. उष्णतेची घट म्हणजे काय, तर प्लेट २५ अंशांच्या वर जितकी तापते तितकी तिची ताकद उतरते, अंशाला सुमारे ०.४ टक्के. एप्रिलच्या दुपारी प्लेट ६० अंशांवर गेली की १४ टक्के तिथंच गेले. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, हे पूर्ण खरं नाही.

एका युनिटमध्ये किती पाणी उचलता येतं? काहीच वाया गेलं नाही तर १,००० लिटर पाणी ३६७ मीटर उंच चढेल. पंप आणि मोटर मिळून निम्मं खातात. उरले १८० मीटर. म्हणजे पाणी ३० मीटरवरून, आपल्या भाषेत शंभर फुटांवरून, उचलायचं असेल तर युनिटला ६,००० लिटर. वीस युनिटला १ लाख २० हजार लिटर. तेच पाणी ३०० फूट खोल बोअरमध्ये असेल तर दिवसाला जेमतेम ४० हजार. ही खोली पाण्याच्या पातळीपासून धरायची, आणि वर शेताचा चढ आणि पाईपातलं घर्षण मिळवायचं.

आता हे लिटर शेतात ओतू. एका एकरावर एक इंच पाणी उभं करायला १ लाख लिटरपेक्षा थोडं जास्त लागतं. उसाला सरीनं पाणी पाजताना एका पाळीला तीन इंच सहज जातं, म्हणजे एकरी तीन लाख लिटर. शंभर फुटांच्या विहिरीवर हे अडीच दिवसांचं काम. दहा दिवसांनी पाळी फिरवायची तर चार एकर ऊस निघतो. तीनशे फुटांच्या बोअरवर मात्र सव्वा-दीड एकर, त्यापुढं नाही. ठिबक असेल तर उन्हाळ्यात एकरी रोज २४-२५ हजार लिटर धरा. विहिरीवर पाच एकरांच्या आसपास, बोअरवर दीड.

म्हणून आपल्या पश्चिम पट्ट्यात, चंदगड, खानापूर, बेळगाव तालुक्याचा डोंगराकडचा भाग, जिथं विहिरींना पाणी वर आहे, तिथं सौरपंप समाधान देतो. पावसाळ्यात तिथं आठवडाभर ऊन दिसत नाही हे खरं, पण तेव्हा मोटर लावतंय कोण? गरज ऑक्टोबर ते मे आणि ऊनही तेव्हाच. अथणीच्या, सौंदत्तीच्या किंवा पलीकडं जतच्या कोरड्या भागात बोअर खोल जातात, तिथं हाच पंप तोकडा वाटतो. यंत्र तेच असलं तरी विहिरीवरच्याचा अनुभव बोअरवाल्याला लागू पडत नाही. शेजाऱ्याचं ऐकून घेऊ नका म्हणतो ते यासाठी.

विजेशी तुलना केली तर? सात तास थ्री फेज खरोखर आली तर पाच एचपीची मोटर तीसेक युनिट खाते. म्हणजे कागदावर विजेचं पाणी सौरपंपाच्या दीडपट. हे सौर कंपनीचा माणूस सांगणार नाही, म्हणून मी सांगतोय. 'खरोखर आली तर' हे शब्द मात्र सोडू नका. सातात एखादा तास ट्रिप होण्यात जातो, व्होल्टेज उतरलं की मोटर हुंकारते पण पाणी चढत नाही, आणि टीसी जळला तर नवा येईपर्यंत मिरची वाट बघत नाही.

रात्रीचं पाणी

महाराष्ट्रात शेतीची लाईट पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. आमच्याकडंही थ्री फेजचे सात तास कधी पहाटे, कधी मध्यरात्री पडतात. रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला जाणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. पायाखाली फुरसं, उसात बिबट्या, खानापूरच्या जंगलकडेला अस्वल. त्यात ओल्या हातानं स्टार्टर. ऑटो स्विच बसवून घरी झोपणारेही आहेत, पण मग पाणी एकाच सरीत फिरतं आणि माती वाहून जाते.

मावसभावाला विचारलं, काय फायदा झाला? तो म्हणाला, "दादा, पाणी थोडं कमीच येतंय. पण बायको आता मला रात्री थांबवत न्हाई, कारण मी जातच न्हाई." पैशात न मोजता येणारी ही गोष्ट माझ्या हिशेबाच्या वहीत कुठल्या रकान्यात घालावी हे मला अजून सुचलेलं नाही. पण मी ती घातलीय.

एकोणीस दिवस

आता त्याची दुसरी बाजू. त्याच्याच पंपाचा कंट्रोलर गेल्या मार्चमध्ये बंद पडला. प्लेटा ठीक, मोटर ठीक, मधली पेटी मेलेली. ही पेटी प्लेटांची वीज मोटरला चालेल अशी करून देते, ऊन कमी झालं तर मोटर हळू फिरवते, विहीर कोरडी पडली तर थांबवते. सौरपंपाचा जीव तिच्यात असतो. विजेची मोटर बिघडली तर गावातला वायरमन संध्याकाळपर्यंत उघडून ठेवतो. ही पेटी उघडायला तो तयार नाही, आणि उघडली तर हमी गेली. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवली, रोज फोन, रोज "माणूस येतोय". एकोणीस दिवसांनी आला. तोवर शेजाऱ्याचं डिझेल इंजिन भाड्यानं.

योजनेत पाच वर्षांची देखभाल पुरवठादारावरच असते, तिचे पैसे किमतीतच धरलेले असतात. त्यामुळं ती मेहेरबानी नव्हे. बसवायच्या दिवशीच कंट्रोलर, मोटर आणि प्लेटांचे नंबर वहीत उतरून फोटो काढून ठेवा. तक्रार फोनवर न ठेवता तक्रार क्रमांक घ्या, आणि तीच तक्रार महावितरण किंवा क्रेडलकडंही टाका. कंट्रोलरमध्ये सिमकार्ड असतं, पंप किती चालला याची नोंद त्यातून वर जाते. पंप बंद होता हे सिद्ध करायला तीच नोंद शेतकऱ्याच्या कामाला येते. पुरवठादार निवडायचा पर्याय मिळाला तर किमतीपेक्षा एकच चौकशी करा, त्याचा मेकॅनिक राहतो कुठं. गडहिंग्लज किंवा बेळगाव म्हणाला तर ठीक, पुणे-बंगळूर म्हणाला तर विचार करा.

बाकी काळजी किरकोळ आहे, पण चुकते. प्लेटा दक्षिणेकडं तोंड करून, आपल्या अक्षांशाला साधारण १५-१६ अंश कलत्या. सावली अजिबात नको. प्लेटा एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या असतात, एकीवर नारळाची झावळी आली तरी सगळ्या माळेला फटका बसतो. धुवायच्या सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. उसाच्या फडाला लागून नको, पाला पेटवला की संपलं. पाया खोल आणि काँक्रीटचा आहे ना हे स्वतः उभं राहून बघा, वळवाचं वारं कुणाचं ऐकत नाही.

प्लेटा शेतात नकोतच

आणखी एक वाट आहे आणि मला स्वतःला ती जास्त पटते. शेतकऱ्याच्या बांधावर काहीच बसवायचं नाही. सबस्टेशनजवळ सौरप्रकल्प उभारायचा, शेतीचे फीडर त्याच्यावर घ्यायचे, आणि जुन्याच मोटरीला जुन्याच तारेतून दिवसा लाईट द्यायची. कुसुमच्या तिसऱ्या भागात हे बसतं. महाराष्ट्रात 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' २०१७ पासून आहे, तिचा दुसरा टप्पा २०२३ चा. देखभाल एका जागी, प्लेटा चोरीला जायची भीती नाही, पावसाळ्यात पंप बंद असताना वीज वाया न जाता दुसऱ्याला मिळते. स्वतंत्र पंपाची वीज तेव्हा नुसतीच उन्हात वाळते. जमीन भाड्यानं देणाऱ्याला महाराष्ट्रात हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे एकरी सुमारे ५० हजार, आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. माळरानाला हा भाव वाईट नाही. पण हे शेतकऱ्याच्या हातात नाही, फीडर कधी सौर होणार हे कंपनी ठरवते. आणि ज्याच्या विहिरीपर्यंत तारच नाही, त्याला याचा काय उपयोग?

आपल्या वडोदऱ्याच्या वाचकांना जवळचं एक उदाहरण आहे. खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली आणि २०१६ पासून उरलेली वीज ग्रीडला विकायला सुरुवात केली. घेणारी मध्य गुजरात वीज कंपनी, तिचं मुख्यालय वडोदऱ्यातच. दर युनिटला ४ रुपये ६३ पैसे, वर आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेकडून काही बोनस. बदल्यात त्यांनी अनुदानाच्या विजेचा हक्क सोडला. यातली मेख अशी की वीज विकता येत असेल तर शेतकरी पाणी उगाच उपसत नाही, कारण उपसलेल्या प्रत्येक युनिटला किंमत असते. आपल्याकडच्या स्वतंत्र पंपाला तारच जोडलेली नाही, मग ऊन आहे तोवर मोटर चालूच. पूर्व भागात जिथं बोअर दरवर्षी खोल जातायत, तिथं हे महागात पडेल. हैदराबादकडचे वाचक म्हणतील, आमच्याकडं तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास फुकट वीज आहे, सौरपंप कशाला? त्यांचं बरोबर आहे, पण उपशाचा प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही.

एक सावधगिरी. कुसुमच्या नावानं खोट्या वेबसाईट आणि फोन चालू आहेत, खुद्द केंद्रीय मंत्रालयानं त्याबद्दल वेळोवेळी इशारे दिलेत. "तुमचा नंबर लागलाय, आज ५,६०० रुपये भरा" असा मेसेज आला तर भरू नका. केंद्रीय मंत्रालयाच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट आयएन' असतं. पैसे व्यक्तीच्या खात्यात किंवा फोन नंबरवर कधीच जात नाहीत.

आणि मेव्हणा? त्याच्या विहिरीला जानेवारीत ४० फुटांवर पाणी होतं. हिशेबात ते छान बसतं. पण अर्जावर सही करण्याआधी मी त्याला एप्रिलअखेर दोरी सोडून पुन्हा मोजायला सांगितलंय, आणि दुपारी पाणी उपसून ते किती वेळात भरतं तेही. तीन एकर जमिनीतल्या दोन एकरांवर ऊस लावायचा त्याचा विचार आहे. तो एकरभर करून बाकी रताळी-मिरची ठेवली तर पाच एचपीत भागेल. उसाचं ऐकून त्याचं तोंड जरा उतरलं. दोरी मात्र त्यानं आणून ठेवलीय.